जा बाळा, पण खाते बंद करू नकोस

अर्जुनी मोरगावसारख्या ठिकाणी आपल्या समाजातला मुलगा डॉक्टर झाला की ती एका घराची बातमी राहत नाही. आईने बिडी वळलेली असते, बापाने दुसऱ्याच्या बांधीत धानाचे रोवणे केलेले असते. विहारात सत्कार होतो आणि सगळ्या वस्तीला वाटते की हा आपला डॉक्टर. असाच एक तरुण इंग्लंडला फॅमिली डॉक्टर म्हणून जाण्याची तयारी करू लागला आणि वस्तीत दोन तट पडले. एक म्हणतो, बाबासाहेबांच्या वाटेने चालला. दुसरा म्हणतो, समाजाच्या जिवावर शिकला आणि समाजालाच पाठ दाखवली. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, अर्ज यांच्या निमित्ताने लोक आमच्याकडे येतात, तसा हा वादही आमच्याकडे आला.

तिकडचा फॅमिली डॉक्टर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इंग्लंडमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे माणसाचे नाव आपल्या भागातल्या दवाखान्यात नोंदलेले असते. आजारी पडला की आधी तिथे जायचे. तपासणीचे पैसे नाहीत. मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञाला दाखवायचे तर साधारणपणे याच डॉक्टरची चिठ्ठी लागते. आजीचा रक्तदाब आणि नातवाचा खोकला, दोन्हींची नोंद तिथेच.

ही वाट सोपी नाही. एम.बी.बी.एस. झाल्यावर इंग्रजीची परीक्षा, मग 'प्लॅब' नावाच्या परीक्षेचे दोन भाग, त्यातला दुसरा थेट मँचेस्टरला. त्यानंतर नोंदणी आणि फॅमिली डॉक्टर होण्यासाठी आणखी तीन वर्षांचे प्रशिक्षण. त्या जागांसाठीही आता मोठी चढाओढ आहे. विमान, मुक्काम, फी धरली तर खर्च लाखांत जातो. शिवाय महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात शिकलेल्याला एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते. आमचा सल्ला असा की ती सेवा आधी पुरी करावी. ज्यांच्या करातून शिकलो, त्यांची नाडी एक वर्ष तरी हातात धरावी.

आता प्रश्न उरतो गद्दारीचा. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. १९१७ साली परत येऊन करार पाळायला बडोद्याला गेले, तर एवढ्या विद्वानाला राहायला खोली मिळेना. शेवटी बडोदा सोडावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे परदेशी जाणे हा गुन्हा नाही. परत येणाऱ्याला खोली नाकारणे हा गुन्हा आहे. आज आपला डॉक्टर नोकरीच्या गावी गेला, तर आडनाव विचारल्याशिवाय त्याला किती घरे भाड्याने मिळतात? जाणाऱ्याला दोष देण्याआधी याचे उत्तर समाजाने आणि सरकारने द्यावे.

पण पानाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली व्यथा उघड बोलून दाखवली होती. ती ज्याच्या काळजाला लागत नाही, त्याने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून काय उपयोग?

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कर्ज आहे म्हणून कोणी गाव सोडू नये, असा नियम नसतो. खाते मात्र चालू ठेवावे लागते. हप्ता पैशातच द्यावा, असेही नाही.

सिकलसेलचेच घ्या. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही हा आजार आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आपण लग्नात पत्रिका पाहणे सोडले, हे चांगलेच झाले. पण रक्ताची तपासणी अजून अंगवळणी पडलेली नाही. इंग्लंडमध्ये बाळ जन्मले की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन इतर आजारांबरोबर सिकलसेलही तपासतात. आपल्याकडे केंद्र सरकारचे सिकलसेल अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांत तिकडे हे काम शिकलेला आपला मुलगा सुट्टीत येऊन विहारात चार तास बोलला, तरी मोठा हप्ता फिटला. पाठीमागच्या दोन पोरांना त्याच परीक्षेचा रस्ता दाखवला, तर व्याजही फिटले.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावचे फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडले की जिथे गरज जास्त, तिथे चांगली आरोग्यसेवा कमी पोहोचते. त्या खाणींच्या गावांत भारतातून गेलेल्या कितीतरी डॉक्टरांनी आयुष्य काढले. तिथल्या मजुरांची सेवा हीसुद्धा करुणाच आहे. फक्त तो नियम अर्जुनीलाही लागू आहे, एवढे विसरू नये.

वस्तीलाही आमचे सांगणे आहे. मुलगा गेला की त्याच्या आईवडिलांकडे आठवड्यातून एकदा डोकवा. म्हाताऱ्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायला मुलगा विमानाने येऊ शकत नाही, शेजारी येऊ शकतो. आणि उद्या तो कायमचा परत आला, तर 'तिकडे जमले नाही का?' असे विचारू नका. दवाखान्यासाठी खोली शोधून द्या.

जयभीम!