स्वाक्षरीची रांग

मनुष्यानें आपलें नांव सही म्हणून लिहिण्यास प्रथम कां सुरुवात केली, याचें उत्तर कोणत्याहि सरकारी कचेरींत मिळण्यासारखें आहे. कर्ज घेतल्याची कबुली, जमीन विकल्याची संमति, पैसे पोंचल्याची पावती, या गोष्टी पुढें नाकारतां येऊं नयेत म्हणून सही. म्हणजे सहीचा जन्म अविश्वासाच्या पोटीं झालेला. असें असतां, ज्याच्याशीं आपला कसलाहि व्यवहार नाहीं, जो आपलें कांहीं देणें लागत नाहीं, अशा एखाद्या नामांकित माणसाकडे जाऊन त्याची सही केवळ प्रेमानें मागून आणावी आणि जन्मभर जपून ठेवावी, ही कल्पना ज्याच्या डोक्यांत प्रथम आली तो खचित कवि असला पाहिजे. हल्लीं मात्र हा प्रेमाचा प्रकार पुन्हां आपल्या मूळच्या घरीं, म्हणजे कचेरींत, परत चालला आहे असें आम्हांस दिसूं लागलें आहे. आणि त्याला निमित्त झालीं आहेत तीं मुलांचीं चित्रमय गोष्टींचीं पुस्तकें, ज्यांस सगळें जग आतां कॉमिक्स म्हणतें.

या पुस्तकांचे मेळे भरतात, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस कदाचित् ठाऊक नसेल; त्यांच्या नातवंडांस ती पक्की ठाऊक आहे. अमेरिकेंत सॅन दिएगो येथें 1970 सालीं जो लहानसा मेळा भरला, तो वाढत वाढत आज त्या देशांतला एक मोठा उत्सव झाला आहे. आपल्याकडे दिल्लीस 2011 च्या फेब्रुवारींत असा पहिला मेळा झाला, आणि पुढें मुंबईसहि ते भरूं लागले. दिल्लीच्या त्या पहिल्या मेळ्यांत ‘अमर चित्रकथा’ मालेचे जनक अनंत पै यांचा जीवनगौरव करण्यांत आला. त्यानंतर आठवड्याच्या आंतच, 24 फेब्रुवारीस, ते वारले. 1967 सालीं त्यांनीं सुरू केलेल्या मालेंतून ज्यांस रामकृष्णांची प्रथम ओळख झाली, अशा एका पिढीचें ऋण अगदीं शेवटच्या घटकेस फेडलें गेलें म्हणावयाचें.

आमच्या दिवंगत बंधूंचा नातू, वय वर्षें तेरा, गेल्या सालीं मुंबईस अशाच एका मेळ्यास जाऊन आला. कुडाळ स्टेशनवर आईबरोबर गाडींत बसतांना त्याच्या पिशवींत कपड्यांच्या घडींत जपून ठेवलेला ‘वेताळा’चा एक जुना अंक होता. वेताळ हें नांव ऐकून आमच्या बाजूचा कोणीहि मनुष्य प्रथम हात जोडील, कारण आरवलीचा वेतोबा सर्वांच्या परिचयाचा. हा वेताळ तो नव्हे. हा ली फॉक या अमेरिकन लेखकानें 1936 सालीं निर्माण केलेला, तोंडावर बुरखा घातलेला आणि जंगलांत राहणारा वीर. 1964 सालीं सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सनें त्याला आपल्याकडे घरोघरीं पोंचविलें, आणि मराठींत आणतांना त्याचें बारसें आमच्या ग्रामदैवताच्या नांवानें झालें. बंधूंनीं तो अंक शाळेंत असतांना घेतला होता. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यांत निळ्या शाईनें, इयत्ता पांचवीच्या घोटीव अक्षरांत, त्यांचें संपूर्ण नांव, खालीं ‘मालवण’, आणि त्याहि खालीं ‘नेणारानें परत आणून द्यावें’ अशी ताकीद. ताकिदीचा उपयोग झाला असावा. कारण अंक परत आला, आणि बंधु गेल्यावर तो नातवाच्या वांट्यास आला.

मेळ्यांत परदेशचा एक नट यावयाचा होता. कॉमिक्समधल्याच एका वीराचें काम त्यानें पडद्यावर केलेलें असल्यामुळें मुलांस त्याचें विलक्षण वेड. आजोबांच्या अंकावर त्याची सही घ्यावी, अशी नातवाची इच्छा. यांत तर्कशास्त्र पाहूं नये. लहान मुलास जी वस्तु सर्वांत प्रिय, तिच्यावरच तें देवाचा अंगारा लावतें.

पुढें जें घडलें तें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें. तो स्वतः त्याविषयीं फारसें बोलत नाहीं. प्रवेशाचे पैसे निराळे, सहीचे निराळे, आणि नटाबरोबर फोटो काढून घ्यावयाचा तर त्याचे त्याहून निराळे. पैसे भरल्यावर टोकन, टोकनानंतर रांग. रांगेंत उभें राहिल्यावर कळलें कीं, सही मिळावयाची ती तेथेंच विकत घेतलेल्या छायाचित्रावर; घरून आणलेल्या वस्तूवर नाहीं. सहीबरोबर मुलाचें नांव लिहिलें जाणार नाहीं. बोलूं नये. थांबूं नये. तीन तासांनीं, पुढें तीसेक माणसें उरलीं असतां, एका स्वयंसेवकानें येऊन दोरी आडवी लावली आणि पाहुण्यांची विमानाची वेळ झाली असें सांगितलें. सहीचे पैसे परत मिळाले, एवढें त्या मंडळींच्या प्रामाणिकपणास धरून झालें.

रांगेचें आम्हां कोंकणच्या लोकांस वावडें आहे असें मुळींच नाहीं. मालवण तालुक्यांतल्या आंगणेवाडीस भराडीदेवीच्या जत्रेंत लाखों माणसें येतात. तिची तारीख पंचांग पाहून ठरत नाहीं, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि तरीहि मुंबईचा चाकरमानी रजा टाकून बरोबर त्या दिवशीं हजर होतो व तासन् तास उन्हांत उभा राहतो. पण देवीला विमान गांठावयाचें नसतें, आणि तेथें माणसानें घरून आणलेली ओटीच चालते. जत्रा आणि हा मेळा यांत भक्तीचा फरक नाहीं. फरक वेळेच्या हिशेबाचा आहे.

अर्थात् नटाची बाजू आम्हांस दिसत नाहीं असें नव्हे. एका सहीस दहा सेकंद धरले तरी तासाला 360 सह्या होतात, आणि असे तीन तास बसल्यावर माणसाच्या हाताचें काय होत असेल याची कल्पना, परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या शिक्षकांस तरी करतां येईल. शिवाय सहीला पैसे घेणें हें स्वतः वाईटच, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. महात्मा गांधी हरिजन फंडासाठीं आपल्या सहीचे पांच रुपये घेत, आणि ते देतांना कोणाचीहि कुरकुर नसे; उलट सहीपेक्षां ते पांच रुपये दिल्याचीच प्रौढी घरोघर सांगितली जाई. पण तेथें देणारा व घेणारा दोघेहि तिसऱ्या कोणाचा तरी विचार करीत होते. येथें तिसरा असतो तो मध्यस्थ. स्टॅन ली हा अमेरिकन कॉमिक्सचा केवढा मोठा लेखक! तो नव्वदी उलटल्यावरहि मेळ्यामेळ्यांतून सह्या करीत असे. 2018 सालीं, वयाच्या 95 व्या वर्षीं तो वारला. त्याच सालीं एका मेळ्यांत अत्यंत थकलेल्या स्थितींत सह्या करीत बसलेला त्याला पाहून चाहत्यांसच वाईट वाटलें, आणि त्याची वर्तमानपत्रांतून चर्चाहि झाली. रांगेंतल्या कोणाचेंहि मन दुष्ट नव्हतें. प्रत्येकास एकच सही हवी होती.

हौसेंत एकदां बाजार शिरला कीं त्याच्या मागोमाग पंचनामा येतो. 1990 नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या एफबीआयला खेळाडूंच्या व इतर नामांकितांच्या खोट्या सह्या करून विकणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली. 2000 सालीं तेथें कॉमिक्सच्या प्रतींची पारख करणारी एक कंपनी निघाली. ती प्रतीला दहापैकीं गुण देते, आणि मग ती प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या पेटींत कायमची बंद करते. सही असेल तर ती कंपनीच्या साक्षीदारासमक्ष झालेली असावी. म्हणजे पेटीवर पिवळी पट्टी लागते आणि किंमत चढते. साक्षीदारावांचून झालेली सही, मग ती कितीहि खरी असो, पुष्कळ वर्षें या दरबारांत सही ठरतच नसे. मुखपृष्ठावर नांव लिहिलेलें आहे, एवढीच तिची नोंद होई. पुढें गंमत अशी, कीं पेटी उघडली तर गुण गेले. तेव्हां गोष्ट वाचावयाची नाहीं, पान उलटावयाचें नाहीं. पुस्तकानें आपलें पुस्तकपण सोडून शेअरचा कागद व्हावयाचें. म्हणूनच कांहीं चित्रकार अशा पेटींत जाणाऱ्या प्रतीवर सही करण्याचे जास्त पैसे मागतात. आम्हांस तें अन्यायाचें वाटत नाहीं. जो आपल्या सहीवर व्यापार करणार, त्याच्याकडून व्यापाराचा दर घ्यावा, आणि जो उशाशीं घेऊन निजणार त्याला ती फुकट द्यावी.

आमच्या नातवास या शास्त्राचा पहिला धडा त्याच मेळ्यांत मिळाला. जुन्या अंकांच्या एका दुकानदारानें त्याच्या हातांतला वेताळ निरखून पाहिला, चांगला म्हटला, भावहि सांगितला, आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हें नांव नसतें तर दुप्पट दिले असते.” दुकानदार खोटें बोलला नाहीं. मालकानें लिहिलेल्या नांवानें प्रतीचा दर्जा उतरतो, हा त्या धंद्याचा नियमच आहे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाच्या कानांवर जें पडलें, तें एवढेंच कीं तुझ्या आजोबांचें नांव हा या वस्तूवरचा डाग आहे. आईच्या सांगण्याप्रमाणें त्यानें अंक तत्काळ पिशवींत घातला आणि पाणी हवें म्हणून तो दुसरीकडे गेला.

सहीची किंमत कोणाच्या नांवाला, हा प्रश्न मुलांपुरताच नाहीं. बॅटमनच्या गोष्टींवर वर्षानुवर्षें एकट्या बॉब केनचें नांव छापलें जात असे. पुष्कळ चित्रें दुसऱ्यांनीं काढलेलीं असतांहि. त्या पात्राच्या कल्पनेंत ज्याचा मोठा वांटा होता तो बिल फिंगर 1974 सालीं वारला, आणि जनकांमध्यें त्याचें नांव रीतसर छापलें जाऊं लागलें तें 2015 सालीं. आपल्याकडेहि ‘अंकल पै’ मुलांच्या तोंडीं बसले तें योग्यच झालें. पण त्या मालेंतल्या ‘कृष्णा’चीं चित्रें ज्यांनीं काढलीं ते राम वाईरकर किती घरांत ठाऊक आहेत? मेळ्यांत तर ज्यानें रेघ ओढली त्याच्यापुढें चार माणसें, आणि ज्यानें त्या रेघेचा पोशाख अंगावर चढविला त्याच्यापुढें चारशें.

त्या चौघांतच शेवटीं आमचा नातू जाऊन उभा राहिला. सभागृहाच्या एका बाजूस तरुण चित्रकार लहान लहान टेबलें घेऊन बसलेले असतात. त्यांपैकीं एकाकडे त्यानें अंक पुढें केला. चित्रकारानें तो सावकाश चाळला आणि सही करण्यास नकार दिला. हीं चित्रें माझीं नव्हेत, दुसऱ्याच्या चित्रावर मी नांव कसें घालूं, असें तो म्हणाला. मग कोपऱ्यांतलें नांव वाचून हें कोण, असें त्यानें विचारलें. मुलानें सांगितलें. तेव्हां त्यानें एका कोऱ्या कागदावर, गुडघ्यावर पुस्तक घेऊन पडवींत वाचीत बसलेला अर्ध्या चड्डींतला एक मुलगा काढला, खालीं आपली सही केली, आणि पैसे घेतले नाहींत. चित्रांतला मुलगा बंधूंसारखा दिसत नाहीं. पडवी मात्र थेट कोंकणांतली आहे. ती त्याला कशी साधली कोण जाणे.

घरीं आल्यावर हा सारा वृत्तांत आमच्या आकानें, म्हणजे वडील भगिनींनीं, ऐकला. 1958 सालीं मालवणास मराठी साहित्य संमेलन भरलें, कवि अनिल अध्यक्ष होते, तेव्हां आका चौदा वर्षांची. संमेलनाच्या मांडवाबाहेर रंगीत पानांची छोटी वही घेऊन ती उभी असे. त्या वहींत आज वाचतां येईल अशी एकहि सही नाहीं. सत्तरांच्या जवळपास पावसाळे तिनें आमच्या दमट कपाटांत काढले. शाई पसरली, आणि उरलें तें कसरीनें नेलें. तरी गुलाबी पानावर कोण, पोपटी पानावर कोण, कोणीं झाडाखालीं उभ्या उभ्या सही केली आणि कोणीं आधीं ‘कितवींत आहेस?’ म्हणून विचारलें, हें आका न चुकतां सांगते. नातवाची हकीकत संपल्यावर तिनें एकच प्रश्न केला: “इतक्यो सह्यो करून तेचो हात दुखणा नाय काय रे?” नट तिला कोठला ठाऊक असणार!

आमच्या बाजूस कीर्तीची रीतच थोडी निराळी होती, असें कधीं कधीं वाटतें. दशावतारी नटाविषयीं रात्रीं राजा आणि सकाळीं डोक्यावर बोजा असें म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें असे. जत्रेंत पहांटेपर्यंत ज्यानें राक्षसांचें निर्दालन केलें, तोच उजाडतां रंग पुसून पेटारा उचलून पुढच्या गांवच्या वाटेस लागे. त्याची सही कोणी मागितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. वाटेंतल्या घरांत त्याला चहा मात्र मिळे. पुढें मच्छिंद्र कांबळी यांनीं गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरणा’चे हजारों प्रयोग करून मालवणी बोलीला नाट्यगृहांतून मानाचें स्थान मिळवून दिलें, आणि तेव्हांपासून आमच्याकडील नटाभोंवतीहि गराडा पडूं लागला. तें चांगलेंच झालें. आणि आरवलीच्या वेतोबाचें तर विचारूंच नये. तो रात्रीं गांवाच्या रक्षणासाठीं फिरतो अशी श्रद्धा. म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या चपला अर्पण करतात. पुढें त्या झिजलेल्या दिसल्या कीं भक्तांची खात्री पटते. पिवळी पट्टी लावणारा साक्षीदार तेथें कोणी नेमलेला नाहीं.

यंदाच्या मेळ्याच्या तारखा जाहीर झाल्या आहेत असें नातू सांगतो. कोणता नट यावयाचा आहे याची चौकशी त्यानें केलेली दिसत नाहीं. तो चित्रकार पुन्हां येईल कां, एवढें मात्र आईच्या फोनवर दोनदां पाहून झालें. वेताळाचा अंक सध्यां आकाच्या ट्रंकेंत कडुलिंबाच्या पाल्यांत आहे. तिनें तो ठेवून घेतांना कोपऱ्यांतली ताकीद चष्मा लावून वाचली, आणि परत कधीं न्यावयाचा तें नातवाकडून तारखेनिशीं ठरवून घेतलें.