आगोट

लग्नानंतरची पहिली आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मी एकटीनं भरली. दुकानातून सुक्या कोळंबीचे सोडे घेतले ते नुसत्या रंगावर भाळून. लालबुंद, एकसारखे. जुलैत मूठभर भिजत घातले, तर वाटीतलं पाणी सरबतासारखं केशरी आणि सोडे पांढरेफटक. सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं. "मीठही भरपूर आहे. सोड्यांच्या भावानं मीठ आणलंस."

पुढच्या मे महिन्यात त्या मला उत्तनला घेऊन गेल्या. 1 जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतात, त्याआधी ही खरेदी उरकायची. वलांडीवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवलेली जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना. ओला बोंबील म्हणजे जवळपास पाणीच. ते उन्हात गेलं की बोटाएवढी काडी उरते.

सासूबाईंनी वरच्या बोंबलांना हात लावला नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातला एक काढला, कानाशी धरून वाकवला. कट्‌कन मोडला. चामड्यासारखा वाकला असता तर तो अर्धा वाळलेला, नाहीतर दव खाल्लेला. पावसाळ्यात त्याला बुरशी येणारच. मग डोक्याजवळ नाक नेलं. सुक्या मासळीला वास असतोच, पण नाकात झोंबला तर मासा वाळत पडण्याआधीच उतरलेला. जवळा मुठीत दाबून सोडला. गोळा झाला नाही, सुटा पडला. चिमूटभर तोंडात टाकून चावला. वाळू दाताखालीच कळते, डोळ्यांना नाही. खाऱ्या बांगड्यावर मात्र गुलाबी झाक दिसली, तशी त्यांनी वासही घेतला नाही.

"आणि तो ढीग?" मी बाजूला बोट दाखवलं. अर्धा भाव होता.

"तो नको नेऊ, बाय," कोळीणच म्हणाली. "मधे पाऊस लागला त्याला. कोंबड्यांच्या खाद्याला जाईल."

मला फसवणारा दुकानदार आणि ही बाई, धंदा एकच.

आता सोडे घ्यायला जाताना मी पाण्याची बाटली नेते. दोन सोडे टाकायचे, दहा मिनिटं थांबायचं. पाणी जरा पिवळसर होतंच, त्याला घाबरू नका. लाल झालं तर पुढच्या पाटीकडे चला.