चार वाजता सराव असतो

आपल्या घरी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले वडीलधारे माणूस असेल, तर दिवस कलू लागला की त्याच्या जिवाची कशी घालमेल होते, हे आपणांस वेगळे सांगायला नको. कुणाला माहेर गाठायचे असते, कुणाला कचेरी. आमच्या ह्यांना फुटबॉलच्या सरावाला जायचे असते. वय अठ्ठ्याहत्तर. साठच्या दशकात नागपुरातील एका महाविद्यालयाच्या संघात ते बचावफळीत खेळत. सकाळी काय जेवले ते आठवत नाही, पण दुपारी चार वाजले की बूट शोधू लागतात.

अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्यांच्यापुरता तो सराव खराच असतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी त्यांना खरोखरच सरावाला नेऊ लागले. घराजवळच्या महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनी आनंदाने परवानगी दिली. फुटबॉल ह्या शहराला नवा नाही. मोमिनपुरा आणि कामठी ही नावे निघाली की जुने खेळाडू आजही सावरून बसतात. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल उभे केले, ते इथेच. २०२२ सालचा ‘झुंड’ चित्रपट त्यांच्याच कार्यावर बेतलेला आहे.

आपणही कुणाला असे मैदानावर नेणार असाल, तर खुर्ची हातांची घ्या, म्हणजे उठताना आधार मिळतो. चिखलातून चालवू नका, गोलाच्या मागे बसवू नका. नागपुरात पावसाळ्यात डेंग्यूचे भय, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. स्वच्छतागृह कुठे आहे, हे मात्र आधी पाहून ठेवा. बाकी सारे निभते.

मला ह्या खेळातले ओ की ठो कळत नाही. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हे मी त्यांना रोज विचारते आणि ते रोज तितक्याच उत्साहाने समजावतात. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याची पाळी एरवी आपल्यावर येते कुठे? ह्या आजारात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात. तारुण्यातल्या आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. स्कॉटलंडमध्ये तर अशा रुग्णांना जुन्या सामन्यांची छायाचित्रे दाखवून बोलते करण्याचे उपक्रम चालतात. आमच्याकडे छायाचित्रे नाहीत. समोर जिवंत मुले धावत होती.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरला तो संघ घरी. पहिला सामना मुलांनी सहज जिंकला. दुसरा पेनल्टीवर सुटला, आणि त्या दिवशी ह्यांनी खुर्चीतून ‘जागा सोडू नकोस!’ अशी जी आरोळी ठोकली, तिने पंचही वळून पाहू लागले. तिसऱ्या सामन्यात एका गोलाने हार झाली. मुले रडली. घरी पोहोचेपर्यंत हे पराभव विसरले होते; मला मात्र झोप लागेना. संघाचा हंगाम संपला होता, आमच्या संध्याकाळी तशाच उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा बुटांची शोधाशोध. मी त्यांना घेऊन गेले. मैदान ओस पडले होते, फक्त गोलरक्षक मुलगा एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. त्याने खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, “आजोबा, परीक्षा होईपर्यंत मी येतोच रोज.”

दिवाळीनंतर आजार आणखी पुढे सरकला. कुठला गोल आपला, हे त्यांना कळेनासे झाले. हल्ली ते त्या मुलाला आपल्या वेळच्या गोलरक्षकाच्या नावाने हाक मारतात. तो ओ देतो.