दरवाजाचं भेव

"मले शाळेच्या बसचं नाही, तिच्या दरवाजाचं भेव लागते," लेक काल रात्री म्हणाली आणि तिच्या मनातली गाठ सुटू लागली. दरवाजा धाडकन लागला की आई बाहेर, आपण आत. अन् आपला थांबा विसरून गाडी थेट बडनेऱ्याले गेली तर? लहानग्या जिवाला हा प्रश्न खराच असतो. तो हसून उडवणं मला क्रूर वाटतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणून इथे शाळा आणि पाऊस बरोबरच येतात. आज पाऊस उघडला तेव्हा उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये चालककाकांनी तिला चढू दिलं. दरवाजा तिनंच लावला, तिनंच उघडला. पुन्हा लावला. बसमधल्या ताईंनी यादीतलं तिचं नाव आणि थांबा बोट ठेवून दाखवला. मुलींच्या बसमध्ये बाई सोबत हवीच, असं राज्याच्या २०११च्या स्कूलबस नियमांत आहे. त्यामागचं कारण आज डोळ्यांनी दिसलं.

अकोल्याहून माझ्या आईचा फोन आला. "फसवून चढवू नको माय तिले. सांग, हात कर, अन् मांगं होय." बालमानसशास्त्रही हेच सांगतं: निरोप छोटा आणि रोज तसाच असावा. लांबलेला निरोप मुलाची भीती वाढवतो.

उद्या शेजारची मोठी मुलगी तिच्याजवळ बसणार आहे. लेक डोळे पुसत चढली तरी चालेल. रडू थांबेपर्यंत बस अडवून ठेवायची नाही, एवढं मी स्वतःला बजावतेय.