पानाची डावी बाजू

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर अकरा वह्या आहेत. प्रत्येक पान मधोमध उभं दुमडलेलं. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद. मालिकेच्या पहिल्या कामात एका ज्येष्ठ लेखकांनी मला ही पद्धत शिकवली आणि लॅपटॉप येईपर्यंत मी तशीच लिहीत राहिले. परवा झाडलोट करताना त्या खाली काढल्या. उजवी बाजू मुंगी शिरणार नाही इतकी गच्च. डावीकडे काय? ‘सुलभा आत येते.’ ‘सुलभा चिडते.’ ‘सुलभा बाहेर जाते.’ काही पानांवर तेवढंही नाही, नुसती आडवी रेघ. म्हणजे वरच्याप्रमाणे.

ही डावी बाजू मी दहा वर्षं कारकुनी समजत होते. नुसती समजत नव्हते, तसं जाहीर बोलत होते. एका शिबिरात पंचवीस-तीस मुलांसमोर मी म्हटलं होतं, “पटकथा म्हणजे एसटीचं वेळापत्रक. प्रवास संवादात असतो.” टाळ्या पडल्या. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. त्यातली कितीतरी मुलं ते वाक्य वहीत उतरवून घरी गेली असणार.

मी वाढले सांगलीत, जिथे १८४३च्या ‘सीता स्वयंवरा’चं नाव घेतल्याशिवाय नाटकावरचं भाषण सुरू होत नाही, आणि शिकले पुण्यात. पुण्यात म्हणजे खरं तर पुरुषोत्तममध्ये. १९६३ साली सुरू झालेल्या त्या एकांकिका स्पर्धेनं माझ्यासारख्या किती जणांना लेखक केलं याची मोजदाद नाही. भरत नाट्य मंदिरात एखादं वाक्य ‘बसलं’ की पोरं जो गलका करतात तो एकदा कानात गेला की माणूस बाद होतो. त्यानंतर तो फक्त वाक्यंच शोधत बसतो. मी तर अंधार होण्याआधीचं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायचे. ते सापडलं, की तिथून मागे मागे जात उरलेली एकांकिका भरायची. चुकीचं शिकले असं म्हणणार नाही. अर्धं शिकले.

ती अर्धी विद्या मालिकेत भलतीच कामाला आली. मालिकेच्या नामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं का येतात, हे कोडं पुष्कळांना असतं. प्रकार साधा आहे. वाहिनीकडून पुढचा ट्रॅक मंजूर झाला की पटकथाकार एकेका भागाचे सीन पाडतो: कुठे, कोण, काय घडतं, भाग कशावर थांबतो. तो कागद संवादलेखकाकडे येतो. तो पात्रांच्या तोंडी बोलणं घालतो आणि पानं सेटवर जातात. बावीस-तेवीस मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा. घोडबंदर रोडवरच्या बंगल्यातून असिस्टंटचा फोन यायचा, “ताई, तीन नंबर अजून नाही आला. आर्टिस्ट मेकअप करून बसलेत.” मी वीस मिनिटांत तीन नंबर पाठवायचे. भाताला शिट्ट्या होत असताना पाठवलेत, मुलाला शाळेत सोडताना रिक्षात बसून पाठवलेत. माझ्या वेगाचं सगळीकडे कौतुक होतं, दर महिन्याला भागांच्या हिशेबानं पैसे येत होते आणि सांगलीला आमच्या गल्लीत माझं नाव टीव्हीवर दिसत होतं. आमच्या पटकथाकारांचं नाव माझ्या आधी यायचं. ते कुणी वाचत नाही, अशी माझी समजूत.

त्यांना सेटवर सगळे काका म्हणत. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि महिनाभर त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. पहिला भाग मी एका दुपारी लिहून मोकळी झाले. संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन. “अगं, यात सीन एकच आहे.”

“पाच आहेत,” मी म्हटलं.

“पाच ठिकाणी आहे. सीन एकच आहे. सुनेची नोकरी गेली हे पाच वेळा पाच माणसांना कळतं आणि पाचही जण ओरडतात. दुसऱ्याला कळल्यावर मी उठून चहा करून येईन.”

मी काकांना फोन लावला. ते औषधांच्या गुंगीत होते, तरी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सासूला पहिल्यांदा कळू दे. आणि ती कुणाला सांगणार नाही.” बस्स. मी फोन ठेवला आणि पानं पुढे-मागे लावली. सासूला पहिल्या सीनमध्ये कळतं, ती गप्प बसते, आणि पुढचे चारही सीन तिच्या गप्प बसण्यावर चालतात. सून खोटं बोलते, आपल्याला माहीत असतं, सासूला माहीत असतं, सुनेला मात्र पत्ता नसतो. गंमत म्हणजे मी संवाद जवळपास बदललेच नाहीत. “आज उशीर झाला का गं?” ही आधी अगदी फुकट गेलेली ओळ होती. आता ती ऐकून सेटवर स्पॉटदादाही थांबला.

इथे माझं मत बदललं, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. पण तसं झालं नाही. मी त्याला टीव्हीची क्लृप्ती म्हटलं. काका परत आले, मी परत उजवीकडे सरकले.

पुढचं प्रकरण सांगायला जड जातं. मी एका सिनेमाची गोष्ट घेऊन एका निर्मात्याच्या ऑफिसात गेले होते. दोन तास नॅरेशन. गोष्ट तोंडी सांगितली आणि निवडक सहा सीन वाचून दाखवले, पूर्ण संवादांसकट. कागदावर होते ते तेवढेच सहा. कारण माझ्या लेखी दागिने तेच होते. बाकी सीनांचा क्रम काय, तो तर डोक्यात होता. दीड वर्षानं दुसराच सिनेमा आला. बेपत्ता नवरा, त्याच्या कपाटात सापडलेल्या दुसऱ्याच खोलीच्या भाडेपावत्या, बायकोनं त्या खोलीत जाऊन राहायला लागणं, सगळं त्याच क्रमानं. संवादांत मात्र माझा एक शब्द नव्हता.

एका वकील मित्राकडे गेले. त्यानं विचारलं, कागदावर काय आहे? मी सहा सीन पुढे केले. तो म्हणाला, यातलं त्यांनी काहीच घेतलेलं नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात लिहून काढली त्या रूपावर असतो. सीनवार पटकथा लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवली असतीस, तर अमुक तारखेला हे तुझ्याकडे होतं एवढं तरी दाखवता आलं असतं. आता ही चोरीच होती का? त्या वेळी मला शंका नव्हती. आज तितकी खात्री नाही, दोन डोकी एका वाटेनं जाऊ शकतात. पण मी रडत होते ते कशासाठी, हे मित्राच्या ऑफिसातून जिना उतरताना लक्षात आलं. संवादांसाठी नव्हे. ते सहाही सीन माझ्या पिशवीत शाबूत होते आणि त्यांची किंमत शून्य होती. गेलं होतं ते वेळापत्रक.

त्याच सुमारास ‘आक्रोश’ पुन्हा पाहिला. तेंडुलकर हे आमच्या पिढीचं दैवत, आणि तेही संवादांमुळे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, एकेक उद्गार आणि एकेक विराम आम्ही घोकलेला. १९८०चा ‘आक्रोश’ मी नेहमी ‘तेंडुलकरांचा सिनेमा’ म्हणून सांगायचे. या वेळी नामावली वाचली. पटकथा विजय तेंडुलकर. संवाद सत्यदेव दुबे. मग बाकीच्यांचं बघत सुटले. ‘निशांत’: पटकथा तेंडुलकर, संवाद दुबे. ‘मंथन’: संवाद कैफी आझमी, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो तेंडुलकरांच्या पटकथेला. ‘अर्धसत्य’: संवाद वसंत देव.

हिंदी त्यांची भाषा नव्हती म्हणून, हे सोपं उत्तर आहे आणि ते खरंही असेल. पण मग मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत धारदार संवादलेखकाकडून संवाद काढून घेतल्यावर उरलं काय? ‘आक्रोश’मधला लहान्या भिकू उरला. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला हा आदिवासी माणूस आपल्याच वकिलाशी बोलत नाही. वकील विचारतो, तो बघत राहतो. सिनेमाभर हेच. बोलला तर खटला एका दिवसात फिरेल, आणि बोलला तर मागे उरलेल्या माणसांचं काय होईल हे त्याला ठाऊक आहे. अख्खी गोष्ट त्या बंद तोंडाभोवती बांधलेली आहे. शेवटी बापाच्या चितेपाशी हातकड्या घालून त्याला आणतात, बहिणीकडे लागलेल्या नजरा तो पाहतो, कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग त्याचा आवाज फुटतो. त्यात शब्द नाही. माझ्या वहीत हा सीन असता तर डावीकडे ‘लहान्या चिडतो’ असं असतं आणि उजवीकडे दीड पान भाषण.

माझा एक एकांकिकेतला जुना मित्र यावर ‘अशी ही बनवाबनवी’ पुढे करतो. १९८८च्या त्या सिनेमातली वसंत सबनीसांची वाक्यं लोकांना तोंडपाठ आहेत, बोल आता! बोलते. ती वाक्यं नीट बघ, त्यातली बरीचशी कागदावर अगदी साधी, व्यवहारातली आहेत. हसू येतं कारण ती साडी नेसून, जागेच्या गरजेपोटी खोटं बोलत, घरमालकिणीच्या डोळ्यांदेखत म्हटली जातात. आधी कुणीतरी दोन पुरुषांना त्या घरात बायका म्हणून ठेवलं, तेव्हा ती वाक्यं उगवली. मित्राला हे पटलेलं नाही.

गेली चार वर्षं मी एका पटकथेवर आहे. जिल्ह्यातल्या एका गावातले दोन भाऊ, एक घर, वडील गेलेले. मध्यावर वाटणीचा सीन. पहिल्या खर्ड्यात तो साडेसहा पानांचा होता. थोरला वडिलांच्या आजारपणाचा खर्च काढतो, धाकटा थोरल्याच्या लग्नात मोडलेली ठेव काढतो, आई मध्ये पडते. मी रडत लिहिला, वाचला तेव्हा ऐकणारेही रडले.

आता तो असा आहे. सकाळ. ओसरीच्या भिंतीवर महावितरणचा माणूस दुसरं मीटर बसवतोय. जुन्या, धुरकटलेल्या मीटरशेजारी नवं कोरं. थोरला दात घासत बघतोय. धाकटा अंगणात मोटरसायकल पुसतोय, इकडे मान वळवत नाही. आई वायरमनला चहा देते. रिकामा कप घेताना तिचं लक्ष जिन्याखालच्या दिव्याकडे जातं, रात्रभर जळत राहिलाय. ती बटणापाशी हात नेते आणि थांबते. “हा कुणाच्या मीटरवर?” वायरमन दोघा भावांकडे बघतो. “ते अजून सांगितलं नाही, मावशी.” ती दिवा तसाच ठेवून आत जाते. पाऊण पान.

हे मी रचलेलं नाही. आमच्या मामाच्या घरी मी बारावीत असताना पाहिलेलं आहे. वीसेक वर्षं डोक्यात पडून होतं आणि कधी वापरलं नाही, कारण त्यात संवाद नव्हता. अशा किती गोष्टी मी बिनबोलाच्या म्हणून टाकून दिल्या, याचा हिशेब करायचं टाळते. थोरल्याच्या भूमिकेसाठी ज्याला डोक्यात ठेवलंय त्या नटाला सीन वाचून दाखवला. तो म्हणाला, “छान आहे. म्हणजे मी दात घासायचे.”

पुस्तकांकडे मात्र मी अजून वाकड्या नजरेनंच बघते. सिड फील्डनं १९७९ साली १२० पानांच्या पटकथेचे तीस-साठ-तीस असे तीन अंक पाडून दाखवले. ते वाचून आमच्याकडची मुलं पान पंचवीसवर काय घडलं पाहिजे ते विचारतात. मी त्यांना विचारते, तुझ्या गोष्टीचं मध्यंतर कुठे पडतं? प्रेक्षक वडा घेऊन परत येणार ते कशासाठी? त्याचं उत्तर त्या तीन अंकांत सापडत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आणि मत बदलल्यानं माझं भलं झालं, असंही नाही. माझा वेग गेला. पूर्वी दिवसाला एक भाग उतरायचा, आता एका सीनवर आठवडा जातो आणि त्या आठवड्याचे पैसे कुणी देत नाही. मीटरवाली पटकथा दोन ऑफिसांत जाऊन आली. तिची नोंदणी केलीय, करारातलं कलम न् कलम वाचते, २०१२च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचा हक्क दिलाय हेही आता पाठ आहे, पण रॉयल्टीसाठी आधी सिनेमा लागतो. घराचे हप्ते संवादच फेडतात. सध्या एका मालिकेचे लिहितेय. तिथली पटकथाकार मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे, तिचे सीन आले की मी ते दोनदा वाचते आणि शक्य तिथे ओळ घालत नाही. ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, निरोप येतो, ‘मॅम, सीन फार छोटे होताहेत.’ मग घालते.

दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा आईला पटकथेची प्रत दिली. तिनं माझ्या सगळ्या एकांकिका ऐकल्यात, मालिकेचा एक भाग चुकवलेला नाही. दोन दुपारी झोपाळ्यावर बसून तिनं वाचली, मीटरचं पान आलं तेव्हा थोडी थांबली. मामाचं नाव काही काढलं नाही. सगळी वाचून झाल्यावर चष्मा काढून प्रत माझ्या हातात दिली.

“चांगली गोष्ट आहे गं,” ती म्हणाली. “लिहायला कधी घेणार?”