शंकरपाळं आणि डबा

ऑफिसात आम्ही कामाचे टप्पे 'बीपीएमएन' या चिन्हांच्या भाषेत रेखाटतो. त्यात शंकरपाळ्याच्या आकारात अधिकचं चिन्ह काढलं, की अर्थ होतो 'सगळ्या वाटा एकदम'. माझ्या सहकाऱ्याने तो 'यापैकी एक' असा घेतला. माल गेला, बिल राहिलं! चूक त्याची नव्हती. मी समजावलंच नव्हतं.

तेव्हा आपले मुंबईचे डबेवाले आठवले. २००५ साली तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांच्या लग्नाला त्यांच्यातले दोघे इथे आले होते. डब्यावरचे रंग, अक्षरं, आकडे स्टेशन, इमारत, मजला सांगतात. कमी शिकलेल्यालाही ते कळतं, कारण ती खूण रोज हाताखालून जाते. आता आकृती दाखवली, की मी आधी विचारते, "यातून काय कळलं?"