फुगेवाल्याची बंदूक

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते. तापीकाठचा गारठा तेव्हा ऐन भरात असतो. आम्ही ब्राह्मणपुरीकर तिथे घोडे पाहायला म्हणून जातो आणि खिसा हलका करतो तो फुगेवाल्यापाशी!

रात्र चढली की त्याची बंदूक रुसते. छर्रा सुटतो, पण फुग्यापाशी पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला. पोरे ओरडतात, "नळीच वाकडी केलीय लेकाने!" बिचाऱ्याची अब्रू जाते आणि गिऱ्हाईक शेजारच्या पाळण्याकडे वळते. खरा चोर बंदुकीच्या पोटात असतो. नळी मोडली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या सुटतो आणि पुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. दट्ट्याला चामड्याचा वायसर, थेट आपल्या जुन्या स्टोव्हच्या पंपासारखा. थंडीने वंगण घट्ट होते, दट्ट्या आळसावतो. त्यात चामडे सुकलेले असले की हवा बाजूने निसटते. त्यावर आमचा फुगेवाला घालतो खोबरेल, म्हणजे 24 अंशांखाली गोठणारे तेल! शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. जास्त झाले, तर दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते आणि बंदूक धूर ओकते.

भाच्याच्या पेंटबॉलच्या बंदुकीची तऱ्हा याहून नाजूक. तिच्यातल्या द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा दाब 20 अंशांना हवेच्या सुमारे 57 पट, शून्याला 34 पट. मनालीला तो ती बाटली कोटात घेऊन हिंडला.

फुगेवाला बंदुकीला स्वतःची गोधडी पांघरतो आणि आपण कुडकुडतो. यंदा त्याला तेलाची बाटली नेणार आहे. निदान दोन फुगे तरी फुटावेत!